हरणाबाईंच्या गायीला शेवटची सुई कोणी दिली, याबाबत

प्रति,
मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी साहेब,
जिल्हा कार्यालय, सातारा.

अर्जदार : माजी नाईक (ड्रेसर) आकाराम नाथाजी काटकर, वय ५१, धंदा शेती व लष्करी पेन्शन, मु. ढोकमाळ, पो. म्हसवड, ता. माण, जि. सातारा.

विषय : श्रीमती हरणाबाई यांची खिल्लार गाय दि. २४ मे १९७७ रोजी घटसर्पाची लस टोचल्यावर मेली, त्या पंचनाम्यातील खोटे वाक्य दुरुस्त करणे. आणि ते दुरुस्त होईपर्यंत ती लस टोचणारे स्टॉकमन श्री. लालासाहेब देवबा शिंगटे यांना बदलीवर न सोडणे.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज, दि. २७ मे, ९ जून व २१ जून १९७७. पहिल्या दोहोंना उत्तर नाही. तिसऱ्याला उत्तर कसे मिळाले ते खाली परिच्छेद ७ मध्ये लिहिले आहे.

महोदय,

१. हा माझा चौथा अर्ज. आधीचे तीन मी रागात लिहिले आणि त्यांत माझ्या बाजूचे तेवढेच लिहिले. हाही रागातच लिहीत आहे, परंतु या वेळी सगळे लिहिणार आहे, माझ्या अंगावर येणारेसुद्धा. शिंगटे यांना येत्या पाच तारखेला येथून मोकळे करणार आणि ते त्यांच्या मूळ गावी, सांगलीकडे कुंडलला, रुजू होणार असे कळते. म्हणजे दिवस थोडे उरले आहेत. साहेबांनी हा अर्ज स्वतः शेवटपर्यंत वाचावा, मध्येच कोणत्याही टेबलाकडे पाठवू नये, एवढी विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो.

२. मी सेनेत आर.व्ही.सी.मध्ये, म्हणजे पलटणीच्या जनावरांच्या दवाखान्यात, सतरा वर्षे ड्रेसर होतो. डॉक्टर नव्हतो आणि तसे कधी म्हणवून घेतले नाही. खेचरांच्या खुरांना पट्ट्या बांधणे, सुया उकळणे, जनावर धरणे व इंजेक्शनांचे रजिस्टर लिहिणे ही माझी कामे. सन १९६३ मध्ये पूर्वेकडच्या डोंगरात आमच्या कॅप्टन साहेबांनी एका खेचराला धनुर्वाताचे सीरम दिले. पंधरा मिनिटांत त्याचे ओठ भाकरीएवढे झाले, अंगभर गांधी उठल्या आणि ते गुडघ्यावर आले. साहेबांनी तयार ठेवलेली ॲड्रेनलीनची सुई दिली. खेचर उभे राहिले आणि संध्याकाळी दाणाही खाल्ला. मग साहेबांनी आम्हा सर्व ड्रेसरांना रांगेत उभे करून सांगितले, "सुई लगाकर भागना नहीं. आधा घंटा जानवर के पास बैठना है." काही जनावरांच्या रक्ताला लस सोसत नाही, हजारात एखादे असे निघते. ते एखादे कोणते हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांपाशीच बसायचे असते. हे सर्व मी बढाईसाठी लिहीत नाही. दि. २४ मे रोजी मला काय माहीत होते ते आपल्या ध्यानात यावे म्हणून लिहीत आहे.

३. हरणाबाई यांच्या व माझ्या रानाला एकच बांध आहे. त्या विधवा असून त्यांना मूलबाळ नाही. त्यांच्या गायीचे नाव हौशी. पांढरी स्वच्छ, शिंगे मागे वळलेली, दुसऱ्या वेताची, पाच महिन्यांची गाभण. तिचा पहिल्या वेताचा खोंड पाहायला तीन गावची माणसे येऊन गेली होती. हौशीला सन १९७६ मध्ये याच लशीने डोळ्यांवर सूज आली होती व अंगावर गांधी उठल्या होत्या. हरणाबाईंनी दुपारभर तिच्या अंगावर पाणी ओतले आणि त्या वेळी ती वाचली. म्हणून यंदा त्या गाय आणायला तयार नव्हत्या. मी स्वतः त्यांच्या दारात गेलो. त्या म्हणाल्या, "तात्या, गेल्या साली लय हाल झालं तिचं. न्हाई आणली तर चालंल का?" मी म्हणालो, घटसर्प त्याहून वाईट, मी शिंगट्यांना सगळे सांगतो आणि गाय मीच धरतो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी हाय म्हून सोडती." हे त्यांचे शब्द जसेच्या तसे आहेत. माझी पत्नी रंगूबाई तेथे होती.

४. सकाळी आठपासून मारुतीच्या देवळापुढे लसीकरण सुरू झाले. दीडशेच्या आसपास जनावरे जमली होती. शिंगटे एकटे होते, हे मान्य करतो. लशीचा थर्मास त्यांनी निंबाच्या सावलीत ठेवला होता, सुया उकळून आणल्या होत्या. म्हणजे त्यांना काम येत नव्हते असे नाही. येत होते, म्हणूनच माझा राग जास्त आहे. सव्वादहाच्या सुमारास हौशीची पाळी आली. मी तिच्या तोंडाला बांधलेली मोरकी धरून त्यांना सांगितले की, साहेब, हिला गेल्या साली याच लशीने सूज आली होती, हिला वगळा. वगळायची नसेल तर तुमच्या पेटीतली ॲड्रेनलीन आधी काढून हाताशी ठेवा आणि अर्धा तास हिच्यापाशी थांबा. शिंगटे यांनी माझ्याकडे न पाहता पिचकारी भरली. म्हणाले, "नाईक, ही खेचरांची पलटण न्हाई. समदी जनावरं टोचायची असा हुकूम हाय. तुमी फकस्त धरायचं काम करा." जमलेली माणसे हसली. साहेब, मीही हसलो. चारचौघांत अपमान झाला की माणूस हसतो, तसा. त्याच वेळी मोरकी सोडून गाय बाजूला न्यायला पाहिजे होती. मी सोडली नाही. सतरा वर्षे वरच्याने म्हटले धर, की माझे हात धरत आले आहेत. त्यांनी मानेच्या कातडीखाली लस टोचली. वेळ दहा वाजून अठरा मिनिटे.

५. त्यानंतर चार-पाच जनावरे उरकून शिंगटे पोलीस पाटलांच्या घरी नाष्ट्याला गेले. औषधांची पेटी सायकलच्या कॅरिअरला, तिला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या खिशात. साडेदहाला हौशीने मान झाडली. शेपटी वर करून पातळ शेण टाकले. तोंडाला फेस आला. मानेपासून मांडीपर्यंत सुपारीएवढ्या गांधी उठल्या आणि पापण्या सुजून डोळे मिटले. श्वास करवत चालल्यासारखा वाजू लागला. मी मोरकी हरणाबाईंच्या हातात देऊन पाटलांच्या घराकडे पळालो. शिंगट्यांच्या पुढे शिऱ्याची ताटली होती. मी सांगितले. ते म्हणाले, "सुई टोचली की जनावर नाटक करतंच. चा घेऊन आलोच." मी किल्ली मागितली. "सरकारी पेटी हाय ती. किल्ली कुनाला देता येत न्हाई." मी हात जोडले. होय, जोडले. त्यांनी शिऱ्याचा दुसरा घास घेतला.

मी परत आलो तेव्हा गाय खाली बसली होती. देवळाच्या पायरीजवळचा धोंडा घेऊन मी पेटीचे कुलूप फोडले. आत कापूस, टिंक्चर, कात्री, आणि तळाशी ॲड्रेनलीनच्या दोन कुप्या. ताजे औषध पाण्यासारखे दिसते. हे चहाच्या रंगाचे झाले होते. लेबलावर मुदत सन १९७४ ची होती. असले औषध मेलेले असते हे मला ठाऊक होते, आणि जिवंत असते तरी एवढ्या मोठ्या जनावराला दोन कुप्या पुरल्या नसत्या, हेही ठाऊक होते. हातात दुसरे काही नव्हते. मी दोन्ही कुप्या भरून टोचल्या. दहा वाजून बावन्न मिनिटांनी गाय मेली. हरणाबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले होते. त्या रडल्या नाहीत. पदराने तिच्या डोळ्यावरच्या माशा हाकलत राहिल्या. मेल्यावरसुद्धा बराच वेळ हाकलत होत्या.

६. शिंगटे अकराला आले. त्यांनी आधी कुलूप पाहिले, मग गाय. त्यांचा पहिला प्रश्न, "पेटी कुनी फोडली?" असा होता. त्याच जागी पंचनामा झाला आणि त्यातील मजकूर त्यांनी सांगितला. त्यात असे वाक्य आहे : "सदर गाय निरोगी असताना अनधिकृत इसमाने मुदत संपलेले औषध टोचल्यामुळे दगावली." यातला प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खरा आहे आणि सगळे वाक्य खोटे आहे. मुदत संपलेले औषध कोणाच्या पेटीत होते ते त्यात नाही. साडेदहाला गाय फेसाळली आणि मी सुई त्यानंतर दिली, तेही नाही. लस दिल्याचा तर उल्लेखच नाही. हरणाबाईंचा अंगठा घेतला. त्यांना वाचता येत नाही. संध्याकाळी कोणीतरी तो कागद त्यांना वाचून दाखविला. त्या माझ्या दारात आल्या, उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांनी विचारले, "तात्या, माज्या हौशीला शेवटची सुई कुनी दिली?" मी म्हणालो, मी दिली. पुढचे सांगायला तोंड उघडले तोपर्यंत त्या वळल्या होत्या. पंचवीस वर्षे त्या बांधावरून येत-जात आहेत. आता ओढ्याच्या अंगाने लांबून जातात.

७. मी अर्ज केले. दुसऱ्या अर्जासोबत त्या कुप्यांच्या काचा व लेबलाचा तुकडा कापसात गुंडाळून रजिस्टर पोस्टाने पाठविला. तिसऱ्या अर्जाचे उत्तर मला सायकलवरून आले. दि. २८ जून रोजी शिंगटे स्वतः माझ्या अंगणात उतरले. त्यांच्या हातात माझाच अर्ज होता आणि त्यावर तांबड्या शाईत शेरा होता, "स्टॉकमन यांनी समक्ष चौकशी करून अहवाल द्यावा." हे कोणत्या टेबलावर झाले मला माहीत नाही, आपल्या टेबलावर झाले नसावे असे मी धरून चालतो. शिंगटे यांनी मला विचारले, "अर्जदाराची स्टॉकमनविरुद्ध काय तक्रार हाय?" मी तीच तक्रार त्यांना पुन्हा सांगितली. त्यांनी ती सुवाच्य अक्षरात लिहून घेतली, खाली स्वतःची सही केली आणि पाणी मागितले. रंगूबाईने दिले. मी दिले नसते.

८. त्या दिवशी मी अर्ज लिहिणे बंद केले आणि चालायला लागलो.

आमच्याकडे पाऊस उशिरा येतो. वाड्यांवरचे लसीकरण जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरले होते. कोणत्या दिवशी कोणती वाडी, हा तक्ता चावडीवर लावला होता. मी तो पाठ केला. शिंगटे जेथे सकाळी जाणार, तेथे मी आदल्या दिवशी जात असे. पहिल्या दोन वाड्यांवर मी योग्य तेच सांगितले : आधी ॲड्रेनलीनची कुपी दाखवा म्हणा; पाण्यासारखी असली तरच जनावर पुढे करा, आणि अर्धा तास त्यांना हलू देऊ नका. लोकांनी तसे विचारले. शिंगट्यांकडे कुपी नव्हती. ते गोंधळले, चिडले आणि दोन्ही दिवशी निम्मी जनावरे टोचून परत गेले. मी समोरच्या टेकाडावरून पाहत होतो. मला आनंद झाला. पण तो पुरला नाही.

तिसऱ्या दिवशी वाघदऱ्याच्या वस्तीवर मी कुपीचे काही बोललो नाही. मी म्हणालो, ह्या माणसाच्या सुईने जनावर मरते, हरणाबाईला विचारा. हजारात एखादे मरते हे मला माहीत होते. उरलेली नऊशे नव्व्याण्णव त्याच सुईने वाचतात हेही माहीत होते. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या नाहीत. धुळा नावाचा मेंढपाळ त्या वस्तीचा कारभारी आहे. गायी-बैलही बाळगून आहे. त्याने विचारले, "तात्या, मग काय करू?" मी म्हणालो, उद्या जनावरे डोंगरात ने. त्याने नेली. सगळ्या वस्तीने नेली. पुढच्या दोन वाड्यांनीही तेच केले. शिंगटे तीन दिवस ओळीने थर्मास घेऊन आले आणि मोकळ्या गोठ्यांपुढे बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वितळलेल्या बर्फाचे पाणी रस्त्यात ओतले, ते मी लांबून पाहिले. त्या रात्रीचे जेवण मला गोड लागले. मी हसत होतो असे रंगूबाई सांगते. ती म्हणाली, "कुनाच्या जनावरावर हसताय ह्ये?" मी तिला गप्प बस म्हणालो.

९. दि. १२ जुलै रोजी पाऊस झाला. दि. १७ रोजी वाघदऱ्याच्या वस्तीवर धुळाच्या बैलाचा घसा सुजला. घशात घरघर, जीभ बाहेर, ताप एवढा की हात लावून कळत होता. दुपारी बैल मेला. दुसऱ्या दिवशी पाच जनावरे. चौथ्या दिवसापर्यंत त्या वस्तीवर व शेजारच्या दोन वाड्यांवर मिळून एकोणीस जनावरे घटसर्पाने मेली. मी एकोणीस हा आकडा ऐकून लिहीत नाही. मी प्रत्येक जनावरापाशी जाऊन उभा राहिलो. ज्या दोन वाड्यांवर निम्मी जनावरे टोचली होती, तेथे टोचलेले एकही मेले नाही.

धुळा दि. १९ रोजी पहाटे माझ्याकडे आला. त्याने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे वाटले असते. तो ओसरीच्या खाली उकिडवा बसून म्हणाला, "तात्या, तुमी सांगितलं म्हून मी जनावरं डोंगरात न्हेली. पाच गेली, तीन उरल्यात. आता तुमीच सांगा, ह्यांना कुठं न्हेऊ?"

१०. मी सायकल काढली आणि शिंगट्यांकडे गेलो. अठरा मैल. वाटेत काय बोलायचे ते ठरवत होतो. दार उघडल्यावर त्यातले काही बोललो नाही. घटसर्प लागला आहे, वाघदरा, एवढेच म्हणालो. मी त्यांच्या जागी असतो तर दार लावून घेतले असते. त्यांनी पायात चपला घातल्या. सरकारी साठ्यातून लस व सल्फाची इंजेक्शने घेतली आणि वाटेत औषधांच्या दुकानापुढे सायकल थांबवून ॲड्रेनलीनच्या सहा कुप्या स्वतः विकत घेतल्या. त्या मला दाखविल्या. पाण्यासारख्या होत्या. आम्ही दोघांनी तीन दिवस पावसात काम केले. आजारी जनावरांना सल्फा, चांगल्यांना लस. रांगेतले प्रत्येक जनावर मी धरले. आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरते बोललो.

तिसऱ्या दिवशी धुळाच्या उरलेल्या तिघांतली एक कालवड लस दिल्यावर दहाव्या मिनिटाला थरथरू लागली. तोंडाला फेस, पापण्यांवर सूज, अंगावर गांधी. हौशीचेच सगळे. शिंगट्यांनी कुपी फोडली, पण औषध पिचकारीत न भरता दोन्ही माझ्या हातात दिल्या. ते मागे सरले आणि म्हणाले, "नाईक, तुमी द्या. माज्यानं हुईत न्हाई." मी चार कुप्या दिल्या. आम्ही दोघे चिखलात तिच्या दोन बाजूंना बसलो. वीस मिनिटांनी कालवडीने कान हलविला. अर्ध्या तासाने उभी राहिली. आज ती धुळाच्या दावणीला आहे.

११. आता येथे कोणीही म्हणेल की माझा राग संपायला पाहिजे होता. माझीही तशीच समजूत होती. कालवड उभी राहिल्यावर शिंगटे माझ्याशेजारी बसूनच बोलू लागले. म्हणाले, "ट्रेनिंगला ह्याचा एकच तास झाला वो. त्या दिवशी मी घरला गेलो हुतो. मला ठावंच नव्हतं असं मरतंय म्हून. ती गाय माज्या लशीनंच गेली. माजी चूक झाली." साहेब, हे ऐकण्यासाठी मी दोन महिने झोपलो नव्हतो. मी म्हणालो, चला, हरणाबाईपुढे एवढेच बोला आणि पंचनाम्यावर लिहून द्या. त्यावर ते उठले, धोतराला हात पुसल्यासारखे पँटला पुसले आणि म्हणाले, "तोंडानं म्हनतो. कागदावर न्हाई. कागदावर गेलं की नोकरी जाती. आन् माजी बदली हुणार हाय, आता कशाला?"

म्हणजे खरे आहे ते माझ्यापाशी चिखलात बोलायचे, आणि खोटे आहे ते सरकारी कपाटात ठेवायचे. मी नंतर धुळाला विचारले, तू ऐकलेस ना? तो म्हणाला, "मी कालवडीकडं बघत हुतो." त्याचे बरोबर आहे.

१२. हरणाबाईंकडे मी स्वतः गेलो नाही असे नाही. गेलो. शिंगटे काय म्हणाले ते सांगितले. त्यांनी दळण थांबविले नाही. शेवटी म्हणाल्या, "कागुद काय म्हंतोय?" मी म्हणालो, कागद तोच आहे. त्यांनी जात्यात घास टाकला. त्यांचेही बरोबर आहे. बोललेले त्यांनी एकदा ऐकले होते, माझ्या तोंडून, गाय सोडताना.

१३. तरी साहेब, खालीलप्रमाणे व्हावे, ही मागणी.

(अ) पंचनाम्यातील वाक्य शिंगटे यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात दुरुस्त करावे. लस किती वाजता दिली, लक्षणे किती वाजता दिसली, किल्ली कोणी दिली नाही, औषध कोणत्या सालचे होते, हे सर्व त्यात यावे. ते त्यांनी मारुतीच्या देवळापुढे मोठ्याने वाचावे. हरणाबाईंना बसायला खुर्ची द्यावी. शिंगट्यांना देऊ नये.

(आ) हे होईपर्यंत त्यांना सोडू नये. माण तालुक्याचा उन्हाळा त्यांना सोसत नाही असे त्यांनी बदलीच्या अर्जात लिहिल्याचे ऐकतो. आणखी एक उन्हाळा सोसू द्यावा.

(इ) त्यानंतर ते कुंडलला जावोत की कोठेही. तेथे त्यांनी टोचलेल्या प्रत्येक जनावरापाशी घड्याळ लावून अर्धा तास जमिनीवर बसावे, असा लेखी हुकूम त्यांच्यासोबत जावा. उसाच्या भागात सावली पुष्कळ, म्हणून उन्हात बसावे. हातात वर्तमानपत्र नसावे. नाष्टा त्यानंतर. हुकमाची एक प्रत त्या गावच्या चावडीवर लावावी, म्हणजे लोकांना हक्काने बसविता येईल. ही मागणी सुडाची आहे हे मी नाकारत नाही. परंतु ती नियमाने योग्यही आहे, आणि अशी दोन्हीकडून बसणारी मागणी मला आयुष्यात दुसरी सापडलेली नाही.

(ई) तालुक्यातील प्रत्येक स्टॉकमनची पेटी पाऊस संपायच्या आत उघडून पाहावी. चहाच्या रंगाची कुपी दिसेल तेथे ती त्याच्या समोर फोडावी आणि ताज्या सहा द्याव्यात. मागच्या वर्षी ज्या जनावराला सूज आली असेल त्याचे नाव रजिस्टरात वेगळ्या शाईने लिहावे व पुढच्या लशीच्या वेळी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय त्याला टोचू नये. हे काम पगार न घेता करायला मी तयार आहे. शिंगट्यांच्या हाताखाली मात्र करणार नाही.

(उ) वाघदरा व शेजारच्या दोन वाड्यांवर मेलेल्या एकोणीस जनावरांबाबत दप्तरात "लोकांनी अज्ञानामुळे लस घेतली नाही" असे लिहिले गेले आहे. ते खोडावे. लोक अज्ञानी नव्हते. त्यांनी माणूस ओळखीचा पाहून विश्वास ठेवला. तेथे माझे नाव, वय व पत्ता लिहावा, आणि अर्जदाराने जाणूनबुजून अर्धी गोष्ट सांगितल्यामुळे, असे कारण लिहावे. यासाठी कोणता गुन्हा लागतो मला माहीत नाही. आपण शोधून काढावा. धुळा तक्रार देणार नाही. मी त्याला तीनदा सांगून पाहिले. म्हणून माझ्याविरुद्धची तक्रार मीच या अर्जाद्वारे देत आहे.

१४. साहेब चौकशीला आले तर आम्हा दोघांनाही एकाच दिवशी, एकाच ठिकाणी उभे करावे. त्यांनी एका गायीचे उत्तर द्यावे, मी एकोणीस जनावरांचे देईन. माझी शिक्षा त्यांच्यापेक्षा मोठी निघणार याची मला पूर्ण कल्पना आहे आणि ती कमी करावी असे माझे म्हणणे नाही. फक्त त्यांची आधी वाचून दाखवावी. मला ती ऐकायची आहे.

आपला नम्र, आणि बोलावाल त्या दिवशी हजर,

(सही)
आकाराम नाथाजी काटकर
माजी नाईक, ड्रेसर
ढोकमाळ, दि. ३० ऑगस्ट १९७७